इंग्रजी कवितेवर विश्लेषणात्मक निबंध: सारांशातून बाहेर पडण्यासाठी सराव कशाचा करायचा?

प्रश्न थोडक्यात असा: बारावीपर्यंत मराठी माध्यम, मग बी.ए. इंग्रजी, आता एम.ए.चं पहिलं वर्ष. शेली, ब्लेक, कीट्स यांच्या कविता वाचल्या की अर्थ लागतो, वर्गातली चर्चाही समजते. पण निबंध लिहायला बसलं की दोन पानं सारांशात जातात आणि शेवटी अलंकारांची यादी जोडली जाते. शेरा येतो, ‘विश्लेषण कुठे आहे?’ घरी एकट्याने सराव करायचा तर नेमका कशाचा आणि कसा?

मी पदव्युत्तर वर्गाला बरीच वर्षं इंग्रजी कविता शिकवते आहे, उत्तरपत्रिकाही तपासते. तुमची अडचण इंग्रजीची नाही, हे आधी सांगते. इंग्रजी माध्यमातून आलेली मुलंही याच जागी अडतात. अडचण सवयीची आहे. दहावीच्या मराठीत आपण रसग्रहण लिहायला शिकतो: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. इंग्रजीच्या पेपरात ‘अप्रिसिएशन’ लिहितो: शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार, मध्यवर्ती कल्पना, आवडलेली ओळ. त्या वयात ते योग्यच आहे, त्यातून कवितेकडे थांबून बघायची शिस्त लागते. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: कविता चांगली आहे आणि तिच्या गुणांची आपण नोंद करायची आहे. विश्लेषणात्मक निबंधात बाजू मांडायची असते. दुसरा जाणता वाचक ज्याला ‘मला नाही तसं वाटत’ असं म्हणू शकेल, असं एक विधान करायचं आणि कवितेतल्याच शब्दांच्या आधाराने ते उभं करायचं.

शेलीची ‘ओझिमँडिअस’ घेऊ. हे सुनीत आहे, म्हणजे चौदा ओळींची कविता. वाळवंटात मोडून पडलेला राजाचा पुतळा, चौथऱ्यावर त्याची दर्पोक्ती (‘मी राजांचा राजा, माझी कामं बघा आणि हताश व्हा’), आणि भोवती नुसती वाळू. यावरच्या शंभरातल्या नव्वद निबंधांचं पहिलं वाक्य ‘काळापुढे सत्ता टिकत नाही, हे कवीने दाखवले आहे’ असं असतं. वाक्य खरं आहे. पण त्याच्याशी असहमत कोण होणार? आणि ज्याला कुणी हरकतच घेणार नाही, ते सिद्ध करायला दोन पानं कशाला लागतील? म्हणून ती दोन पानं सारांशाने भरतात. सारांश हा आळस नाही. सांगण्यासारखं विधान हाती नसताना तोच एक पर्याय उरतो. तेव्हा सराव निबंधाचा नको, विधान सापडण्याचा हवा.

विधान सापडतं ते बहुतेक वेळा कवितेतल्या खटकणाऱ्या जागी. ती जागा दिसायची असेल तर प्रत्येक वाक्याचा साधा अन्वय लावल्याशिवाय पुढे जायचं नाही. हे फार प्राथमिक वाटेल. पण इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावं काढून टाकून कविता दिल्या आणि त्यांचे अभिप्राय गोळा करून १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ हे पुस्तक लिहिलं. वाचकांच्या अडचणींच्या त्यांच्या यादीत पहिली अडचण हीच आहे: कवितेचा सरळ अर्थही लागत नाही. ती मुलं इंग्रजीच बोलत वाढलेली होती.

‘ओझिमँडिअस’मध्ये ही जागा सहाव्या ते आठव्या ओळीत आहे. पुतळ्याच्या चेहऱ्यावरची आठी, मुडपलेला ओठ आणि थंड हुकमतीची तुच्छता पाहून कळतं की शिल्पकाराने राजाच्या मनातले विकार नेमके वाचले होते. हे विकार अजून ‘सर्व्हाइव्ह’ करतात, इथपर्यंत सगळे येतात. पुढच्या ओळीतला ‘हँड’ आणि ‘हार्ट’ मात्र अधांतरी राहतात, किंवा ‘हात आणि हृदयही उरले आहेत’ असा उलटाच अर्थ लावला जातो. इथे ‘सर्व्हाइव्ह’ सकर्मक आहे. ते विकार कुणाच्या पश्चात उरले? ज्या हाताने त्यांची नक्कल केली त्या शिल्पकाराच्या हाताच्या, आणि ज्या हृदयाने त्यांना पोसलं त्या राजाच्या हृदयाच्या. मध्ये ‘स्टॅम्प्ड ऑन दीज लाइफलेस थिंग्ज’ हा तुकडा आल्यामुळे कर्म क्रियापदापासून लांब पडलंय, एवढंच.

अन्वय लागला की कविता वेगळी दिसू लागते. राजा गेला आणि शिल्पकारही गेला. ज्या ‘वर्क्स’कडे बघून इतर राजांनी हताश व्हायचं होतं, त्यांचाही मागमूस नाही. टिकली ती राजाची तुच्छता. म्हणजे जुलमी सत्ता संपते हा दिलासा ही कविता पुरता देत नाही. आता विधान असं करता येईल: ‘शेलीच्या या सुनीतात साम्राज्य नष्ट होतं, पण त्यामागची क्रूर वृत्ती टिकून राहते, आणि ती टिकवण्याचं काम कलेनेच केलेलं आहे.’ याला हरकत घेता येते, म्हणून ते उपयोगाचं आहे. कुणी म्हणेल, शिल्पकाराच्या हाताबद्दलच्या ‘मॉक्ड’ या शब्दात नक्कल आणि टवाळी हे दोन्ही अर्थ आहेत. शिल्पकाराने राजाला जगापुढे उघडं पाडलं, कलेने सूड घेतला, तुम्ही उलटं कसं म्हणता? हरकत चांगली आहे. ती निबंधातच घ्यायची, तिला एक परिच्छेद द्यायचा आणि आपलं विधान त्यातून कितपत तगतं ते बघायचं. तपासणाऱ्याला उत्तरपत्रिकेत असा परिच्छेद दिसला की विद्यार्थी विचार करतो आहे हे लगेच कळतं.

अलंकारांच्या यादीचं काय करायचं, हा तुमच्या प्रश्नातला दुसरा भाग. यमक, वृत्त, अनुप्रास यांचे वेगळे परिच्छेद करू नका. विधान ठरल्यावर कवितेची घडण त्याच्या बाजूने बोलते की विरुद्ध, एवढंच विचारा. याच कवितेत यमकांची घडण अनियमित आहे. सातवी ओळ ‘थिंग्ज’वर संपते आणि तिला यमक मिळतं ते दहाव्या ओळीत, ‘किंग्ज’शी. ‘किंग ऑफ किंग्ज’ म्हणवणाऱ्याचं यमक ‘लाइफलेस थिंग्ज’शी जुळतं! सुनीताचे पहिले आठ आणि शेवटचे सहा चरण जोडणारं यमकही हेच आहे. पुढे राजाच्या हुकमातलं ‘डिस्पेअर’ वाळवंटाच्या ‘बेअर’शी जुळतं. सुनीतात नववी ओळ बहुधा वळणाची असते, विचार तिथे कूस बदलतो. शेली तिथे ‘अँड’ने सुरुवात करतो, म्हणजे वळण टाळतो, आणि खरं वळण बाराव्या ओळीत येतं: ‘नथिंग बिसाइड रिमेन्स.’ ओळीच्या मध्यावरच वाक्य संपतं, पूर्णविराम.

आता कान लावा. ‘लुक ऑन माय वर्क्स’ आणि ‘नथिंग बिसाइड रिमेन्स’ या दोन्ही ओळी आघात असलेल्या शब्दावयवाने सुरू होतात, जरी कवितेची मूळ चाल अनाघात-आघात अशी आहे. लागोपाठच्या दोन ओळी, सुरुवातीची ठेवण एकच. एकीत हुकूम आणि दुसरीत त्याचं उत्तर. हे डोळ्यांनी दिसत नाही, मोठ्याने वाचलं तरच ऐकू येतं. आपला कान लघु-गुरू आणि मात्रांवर वाढलेला आहे, म्हणून इंग्रजी ओळीत आपण आधी अक्षरं मोजतो आणि आघात निसटतात. शब्दकोशात प्रत्येक शब्दाचा आघात दिलेला असतो. सुरुवातीला एका कवितेतल्या तीन-चार अक्षरांच्या शब्दांचे आघात तिथून तपासून पेन्सिलीने खुणा करा, मग टेबलावर बोटाने ठेका धरून वाचा. पहिले काही दिवस जड जाईल. नंतर चाल कुठे मोडते ते आपोआप कळायला लागतं, आणि चाल मोडते तिथे बहुतेक वेळा लिहिण्यासारखं काहीतरी असतं.

आता प्रत्यक्ष लिहिणं. पूर्ण निबंध लिहायची घाई करू नका. गाणारा जसा एकच पलटा दिवसेंदिवस घोटतो, तसा एकच परिच्छेद घोटायचा. रोज एक परिच्छेद, साधारण दीडशे शब्दांचा, एकाच जागेवर. यमकाबद्दल नेहमी सापडणारा परिच्छेद असा असतो: ‘या कवितेत कवीने अनियमित यमकरचना वापरली आहे. त्यामुळे कवितेला एक वेगळीच लय प्राप्त झाली आहे. वाचकाच्या मनावर त्याचा खोल परिणाम होतो.’ आता दुसरा: ‘सातव्या ओळीतलं “थिंग्ज” दोन ओळी जोडीविना राहतं. जोडी मिळते तेव्हा ती राजाने स्वतःला घेतलेल्या पदवीत मिळते. राजाला स्वतःचं नाव उच्चारायचं असतं, पण यमक वाचकाला मागे, निर्जीव दगडांकडे नेतं. पदवी पूर्ण व्हायच्या आत तिची किंमत ठरून गेलेली असते.’ निबंध इंग्रजीतच लिहायचा आहे. इथे फरक दिसावा म्हणून दोन्ही नमुने मराठीत दिले.

पहिल्या परिच्छेदातली शेवटची दोन वाक्यं कुठल्याही कवीच्या कुठल्याही कवितेला चिकटवता येतील. एकट्याने सराव करणाऱ्यासाठी हीच सगळ्यात चांगली कसोटी आहे. परिच्छेद झाला की प्रत्येक वाक्यापाशी थांबून विचारा, हे दुसऱ्या कवितेबद्दल जसंच्या तसं म्हणता येईल का? येत असेल तर खोडा. सुरुवातीला निम्म्याहून जास्त मजकूर जाईल. जाऊ द्या. उरलेली तीन वाक्यं तुमची असतील आणि पुढचा परिच्छेद तिथून सुरू होईल.

शब्द बदलून बघण्याचा सराव मला फार मोलाचा वाटतो आणि त्यासाठी ब्लेकच्या १७९४ च्या ‘लंडन’सारखी कविता नाही. पहिल्या दोन ओळींत रस्ते आणि टेम्स नदी या दोघांनाही ‘चार्टर्ड’, म्हणजे सनदेने बांधलेलं, म्हटलंय. ब्लेकच्या वहीतल्या कच्च्या खर्ड्यात तिथे ‘डर्टी’ होतं. तुम्ही दोन्ही वाचनं समोर ठेवा आणि ‘डर्टी’ राहिलं असतं तर काय गेलं असतं, यावर दहा ओळी लिहा. घाणेरडा रस्ता कुणाचा तरी निष्काळजीपणा सांगतो. सनदेने बांधलेला रस्ता कुणाचा तरी अधिकार सांगतो. आणि वाहत्या नदीलाही सनद? इथपर्यंत पोचलात की दुसऱ्या कडव्यातल्या मनाने घडवलेल्या बेड्या पहिल्याच ओळीत सुरू झाल्या आहेत हे दिसतं. याच कवितेत १६ ओळींत ‘एव्हरी’ ७ वेळा येतो. बहुतेक जण ‘पुनरुक्ती’ असं लिहून थांबतात. तो शेवटचा कुठे येतो ते बघा: दहाव्या ओळीत, तिसऱ्या कडव्यात. शेवटच्या कडव्यात एकदाही नाही. ‘बट मोस्ट’ म्हणून कवी सगळ्यांवरून एका आवाजाकडे वळतो, मध्यरात्रीच्या रस्त्यावरच्या तरुण वेश्येच्या शापाकडे. मोजल्याशिवाय हे दिसलं नसतं, आणि मोजून आकडा लिहिण्यात काही अर्थ नव्हता. शब्द थांबला कुठे, हे सांगण्यात आहे.

व्याकरणाकडे असंच बघता येतं. कीट्सच्या ‘टू ऑटम’चं पहिलं कडवं ११ ओळींचं आहे, आणि त्यात मुख्य वाक्याला क्रियापदच नाही. फळांनी लादणं, वाकवणं, भरणं, फुगवणं असं एकावर एक येत राहतं आणि वाक्य पुरं होतच नाही. शेक्सपिअरच्या ७३ व्या सुनीतात फांद्यांवर पिवळी पानं ‘ऑर नन, ऑर फ्यू’ लटकतात: पिवळी, मग एकही नाही, मग थोडी. पानं गळण्याचा क्रम असा नसतो. असा का, हा प्रश्न पडला की त्या दिवसाचा परिच्छेद मिळाला.

काळाची पार्श्वभूमी किती घालायची, याबद्दल मी थोडी कडक आहे. पार्श्वभूमी कवितेतल्या एखाद्या शब्दाला भिडत असेल तरच आणा. ‘टू ऑटम’ १९ सप्टेंबर १८१९ ला लिहिली गेली. त्याआधी महिनाभर, १६ ऑगस्टला, मँचेस्टरमध्ये संसदीय सुधारणा मागणाऱ्या जमावावर घोडदळ घालण्यात आलं होतं, तेच पीटरलू. निबंधाच्या सुरुवातीला हे नुसतं सांगून पुढे फळाफुलांवर गेलात तर त्या माहितीने काहीच साधत नाही. पण कवितेच्या तिसऱ्याच ओळीत ऋतू आणि सूर्य मिळून ‘कॉन्स्पायर’ करतात. इतक्या निवांत कवितेत कटाचा शब्द का? तिथे पीटरलू आणा आणि मग तो शब्द हा भार पेलतो की नाही याची चर्चा करा. पेलत नाही असा निष्कर्ष निघाला तरी चालेल.

पार्श्वभूमीची माहिती पारखूनही घ्यावी लागते. ओझिमँडिअस हे इजिप्तचा राजा दुसरा रामसेस याचं ग्रीक नाव. ‘शेलीने ब्रिटिश म्युझियममध्ये रामसेसचा पुतळा पाहिला आणि कविता सुचली’ हे वाक्य गाइडांमधून उत्तरपत्रिकांत उतरत राहतं. कविता ११ जानेवारी १८१८ च्या ‘एक्झॅमिनर’ साप्ताहिकात छापली गेली तेव्हा दुसऱ्या रामसेसचं ते प्रसिद्ध शिल्प लंडनला पोचलेलंही नव्हतं. शिवाय त्या शिल्पाचा चेहरा शांत आहे, किंचित हसरा आहे. कवितेतली तुच्छता शेलीने घातलेली आहे, आणि हीच गोष्ट तुमच्या विधानाला उपयोगी पडते. चौथऱ्यावरचा लेख मात्र डायोडोरस सिक्युलस या ग्रीक इतिहासकाराच्या वर्णनावरून आलेला आहे.

मराठीत विचार केला तर चालेल का, असंही पुष्कळ जण विचारतात. पहिल्या वाचनाची टिपणं मराठीत जरूर करा. अन्वय, शंका, चीड, कौतुक, सगळं. भाषा शोधण्यात शक्ती जात नाही आणि विचार मोकळा चालतो. परिच्छेद मात्र थेट इंग्रजीत लिहा. मराठीत लिहून भाषांतर करायला गेलात तर कवितेतले शब्द तुमच्या वाक्यात मुरत नाहीत, वरून चिकटवलेले दिसतात. अवतरण दोन-चार शब्दांचंच घ्या आणि स्वतःच्या वाक्यात बसवा. चार ओळी उतरवून खाली ‘यावरून दिसून येते की’ असं लिहिलंत की सारांश परत आलाच.

समीक्षा आणि नोट्स कधी वाचायच्या? स्वतःचा परिच्छेद झाल्यावर. आधी वाचलं की कवितेत तेवढंच दिसतं. उत्तरं लिहून देणाऱ्या एआय साधनांनाही हाच नियम लावा: आपलं लिहून झाल्यावर त्यांना ‘माझ्या विधानाला हरकत घे’ असं सांगा, विधान त्यांच्याकडून मागू नका.

वेळेचं गणित साधं ठेवा. पहिला महिना दोनच कविता, चौदा-सोळा ओळींच्या, आणि रोज एक परिच्छेद. त्याच कवितेवर पाचवा-सहावा परिच्छेद लिहिताना सांगण्यासारखं संपलं असं वाटेल. नेमकं त्यानंतर काहीतरी नवं दिसतं, म्हणून कविता बदलायची घाई नको. दुसऱ्या महिन्यात आठवड्याला एक पूर्ण निबंध, पंचेचाळीस मिनिटं घड्याळ लावून, आणि त्यातली पहिली दहा मिनिटं विधान आणि एक हरकत ठरवण्यासाठीच. ब्राउनिंगच्या ‘माय लास्ट डचेस’सारख्या लांब कविता त्यानंतर घ्या.

पहिला पूर्ण निबंध कशावर लिहायचा तेही सांगते. शेलीचा मित्र होरेस स्मिथ याने त्याच विषयावर, स्पर्धा म्हणून, सुनीत लिहिलं होतं आणि ते ‘एक्झॅमिनर’मध्येच १ फेब्रुवारी १८१८ ला आलं. तेच वाळवंट, तोच गर्विष्ठ शिलालेख. शेलीच्या पुतळ्याचे दोन पाय उभे आहेत, स्मिथकडे पाय मात्र एकच. शेवटच्या सहा ओळींत स्मिथ थेट इंग्लंडमध्ये येतो: एक दिवस लंडन होतं तिथे रान माजेल, लांडग्याच्या मागे लागलेला एखादा शिकारी एका प्रचंड अवशेषापाशी थबकेल आणि इथे कोण बलाढ्य लोक राहत होते याचा तर्क करत बसेल. शेली लंडनचं नाव घेत नाही, भविष्याबद्दल बोलत नाही, वाळूपाशी थांबतो. दोन्ही सुनीतं शेजारी ठेवा. स्मिथचा इशारा जास्त थेट आहे आणि त्याच्या काळातल्या वाचकाला जास्त झोंबणारा आहे, असं म्हणायला पुरेसा आधार आहे. तरीही लोकांच्या तोंडी शेलीचीच कविता राहिली. स्मिथची बाजू घेऊन पहिला निबंध लिहा. सगळे ज्या बाजूला आहेत तिच्या विरुद्ध लिहिताना सारांश मदतीला येत नाही, प्रत्येक वाक्याला कवितेतून पुरावा काढावा लागतो.